डिंभ्याचा बर्फ

आता आमच्या अतिदक्षता विभागात रक्तातल्या आम्लाची आणि वायूंची तपासणी खाटेशेजारीच होते. तरी बाजारात माशांचा वास आला की मला घोडेगावच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते.

मी नुकताच डॉक्टर झालो होतो. आमच्या जैन किराणावाल्या घरातला पहिलाच पदवीधर. डिंभे धरणात मासेमारी करणाऱ्या सखारामभाऊंनी मोटारसायकलवरून बायकोला आणलं. तिची छाती भात्यासारखी चालली होती. भाऊंच्या मते दमा. दवाखान्याचे मोठे डॉक्टर असलेल्या सरांना मात्र साखरेमुळे रक्तात आम्ल वाढल्याची शंका होती. खात्रीसाठी रक्त बर्फात ठेवून मंचरच्या प्रयोगशाळेत न्यायचं होतं, आणि वीज गेल्यामुळे दवाखान्यात बर्फच नव्हता.

"बर्फ लई हाय," म्हणत भाऊंनी गाडीवरच्या पेटीतले मासे पायरीवर ओतले.

रक्ताची सिरिंज पिशवीत बांधून पेटीत ठेवली आणि पेटी मांडीवर घेऊन मी मागे बसलो. माझं अवघडणं भाऊंनी ओळखलं. "डागदर, नीट धरा. बर्फ चावत न्हाई."

मंचरहून मी सरांना फोन केला. "आम्लच वाढलंय. फुप्फुसं ते बाहेर टाकायला झटतायत. दमा नाही."

सरांनी इन्सुलिन सुरू केलं. घरी आईने माशांचा वास लागलेला माझा शर्ट थेट बंबाच्या जाळात घातला. आज वाटतं, तो जपायला हवा होता.

सकाळी बाईंनी डोळे उघडले. भाऊ कौतुकाने म्हणाले, "तुझं रगत आपल्याच बर्फातनं गेलं."

बाईंनी क्षीण आवाजात विचारलं, "आन् मासं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर सुस्तावलेल्या मांजरांकडे.