सापडगावची गाडी सोडणारे मनोहरराव

मनोहररावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या नाकाला कांदा लावला होता. सत्तर सालानंतरची, वैशाखातली गोष्ट. आर्वीच्या एस.टी. डेपोत त्यांची बदली झाली होती आणि आमच्या घरची पुढची खोली रिकामी असल्याचं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. भर दुपारी ते आले. खोली पाहिली नाही, भाडं विचारलं नाही, अंगणातल्या रांजणाला कान लावून उभे राहिले.

"काय पाहून राह्यले जी?" मी विचारलं.

"पाहून नाई, ऐकून राह्यलो. मावशी, तुमचा रांजण झोपेत बोलते."

मला वाटलं, ऊन लागलं. सावलीत बसवलं, डोक्यावर ओलं फडकं टाकलं, कांदा फोडून हुंगायला दिला. ते निमूटपणे हुंगत बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "थांबला आता. कांद्याचा वास आवडत नसंन त्याले." तेव्हा मला समजलं की हे उन्हाचं नाही, जन्माचं आहे. खोली मी त्यांना दिली. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली, दुखणं काही बरं झालं नाही, आणि त्याच दुखण्याचा आपण सगळे मिळून सत्कार करतो आहोत.

हा लेख मागायला मंडळी आली तेव्हा मी म्हटलं, "बापा, मले अक्षर येत नाई, मी अंगठा देते." पण ती ऐकेनात. म्हणून मी सांगते आहे आणि माझी नात नंदा लिहिते आहे. माझं 'मले' ती 'मला' करते. तेवढं करू द्यावं, कॉलेजात जाते.

मनोहरराव मूळचे सेलूचे. घर, शेती, बायकोमुलं तिकडे. हे आठवडाभर इथे आणि सुट्टीला तिकडे. डेपोत ते चौकशीच्या खिडकीत बसत. "पुलगाव गाडी कवा लागते?", "वर्धा गेली का?" हेच दिवसभर कानावर. एवढं ऐकल्यावर दुसरा माणूस संध्याकाळी तोंड उघडणार नाही. मनोहरराव मात्र हातपाय धुऊन, चहा घेऊन, ओट्यावर कागद घेऊन बसत. मी ज्वारी निवडत बसलेली असे. ते म्हणत, "मावशी, तुमी फक्त हुंकार द्या."

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हटलं नाही तर सांगणारा पुढे जात नाही. मनोहररावांनी ही रीत लिहिण्यालाही लावली. ते वाचत आणि मी 'हं' म्हणे. जिथं माझा 'हं' अडला तिथं ते कागदावर फुली मारत. मी अडवायला काही शिकलेली नव्हते, पण खोट्या गोष्टीचाही हिशेब जुळावा लागतो हे मला कळतं.

त्यांची एक गोष्ट आता पुष्कळ मुलांना पाठ आहे. चांदोबा थकून कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, झोपतो, बंडी सकाळी जिनात जाते, आणि चांदोबाही कापसाबरोबर यंत्रात पडतो. रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या बाजूला. सरकी उडाली ती आभाळात चिकटली, त्याच चांदण्या. हे ऐकताना मी 'हं हं' करत होते. शेवटाला मी थांबले.

"काऊन थांबल्या?"

"चांदोबाची रुई झाली, ठीक हाय. मंग पुढच्या पुनवेले पुन्हा गोल चांदोबा कोठून आला? तुमच्या डेपोतून?"

दोन-तीन दिवस ते भाकर हातात गोल फिरवत जेवले. मग एका संध्याकाळी डेपोतून येतानाच ओरडले, "मावशी, पिंजारी!" पिंजारी ती रुई पिंजतो आणि पांढऱ्या खोळीत रोज थोडी थोडी भरत जातो. भरता भरता खोळ गोल होते. मी म्हटलं, "हं." त्या दिवशी त्यांनी मला पेढे आणून दिले, जसं काही घरात पोरगं झालं.

त्यांचं पुस्तक छापून आलं की पहिली प्रत माझ्या हातात ठेवायची, ही त्यांची पद्धत. मी ते उलटं धरते, सुलटं धरते, चित्रं पाहते आणि कोणाचं नाक वाकडं आलं ते सांगते.

त्यांच्या या कल्पनाशक्तीनं नुसती पुस्तकंच झाली असं नाही. मला आणि माझ्यासारख्या पुष्कळ बायांना गाडीवरची पाटी वाचता येत नाही. कोणाला विचारावं तर तो आधी वरून खाली पाहतो. मनोहररावांनी फलाटावरच्या खांबांवर खडूनं चित्रं काढली. पुलगावच्या खांबावर रेल्वेचं इंजिन, सेलूच्या खांबावर केळीचा घड, तळेगावच्या खांबावर बैल. पावसानं धुतलं की ते पुन्हा काढत. एका साहेबांनी विचारलं, "हे काय पोरखेळ?" मनोहरराव म्हणाले, "साहेब, चित्र काढल्यापासून या बाया चुकीच्या गाडीत बसत नाईत." साहेबांनी सेलूच्या केळाकडे पाहिलं आणि पुढे गेले. खिडकीत बसून ते कोणावर खेकसले असंही मी कधी ऐकलं नाही. एका म्हातारबुवानं एकाच गाडीचं पुनःपुन्हा विचारलं, तर यांनी दर वेळी नव्यानं सांगितलं. मी म्हटलं, "कंटाळा नाई येत?" तर म्हणाले, "त्याईले ऐकू येत नाई मावशी, मले तं बोलता येते."

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगा. तिच्यामुळे त्यांचं लिहिणं कायमचं थांबायची वेळ आली होती.

'सापडगावची गाडी' हे त्यांचं पुस्तक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हरवलेल्या वस्तू जिथं जाऊन राहतात ते सापडगाव. एका पायाची चप्पल तिथं पाटलीण आहे, शर्टाच्या बुंड्या, म्हणजे बटणं, शाळेत जातात, आणि दुपारी सगळे डुलक्या घेतात तेव्हा आर्वी डेपोतून तिथं गाडी सुटते. पुस्तक निघाल्यावर पोट्टे खिडकीत येऊन विचारू लागले, "सापडगावची गाडी लागली का जी?" मनोहरराव तोंड गंभीर ठेवून सांगत, "लेट आहे. बस तिथं बाकावर." पोट्टे खिदळत पळून जात. रोजचा खेळ झाला होता.

कापसाचे दिवस होते. रस्त्यावर बंड्यांची रांग, डेपोत पाय ठेवायला जागा नाही. सकाळी एक सात-आठ वर्षांची पोरगी खिडकीशी आली, टाचा उंचावून तिनं तेच विचारलं. यांनी मान वर न करता तेच उत्तर दिलं. ही पोरगी खिदळली नाही, पळालीही नाही. बाकावर जाऊन बसली. दुपार उलटली, ड्युटी संपली, मनोहरराव खिडकी लावून बाहेर आले तर पोरगी तिथंच, मांडीवर फडक्याचं गाठोडं. सोबत कोण आहे विचारलं. कोणी नाही. तळेगावहून एकटीच गाडीत बसून आलेली. कंडक्टरला वाटलं, पलीकडच्या बाईची असेल. गाठोड्यात ढेपेचा, म्हणजे गुरांच्या सरकी-पेंडीचा, तुकडा होता.

तिचं नाव कुंदा. तिची चांदी नावाची पांढरी कालवड चरायला गेली ती परत आलीच नव्हती.

मनोहररावांनी तळेगावला जाणाऱ्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला आणि पोरीला आमच्या घरी आणलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पोरीला भाकर आणि वरण वाढलं. ती जेवत होती आणि हे भिंतीला टेकून तिच्याकडे पाहत होते.

दिवस कलता कलता तिचा बाप आला. आई मागे, पदरानं डोळे पुसत. बापानं आधी पोरीला उचललं, मग खाली ठेवलं, मग मनोहररावांकडे वळला.

"तुमीच व्हय का ते पुस्तकवाले? घरी विहीर पाहून आलो मी, सारं शिवार पाहून आलो! तुमचं काय जाते छापाले? लेकरू भुललं ना माह्यं!"

मनोहररावांनी हात जोडले. "खरं आहे तुमचं. चूक माझी आहे. याउप्पर मी अशी गोष्ट लिहिणार नाई." ते बोलून थांबले नाहीत. खोलीत गेले, लिहून झालेले नव्या गोष्टीचे कागद घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवले. "मावशी, दाणे भाजले की पुड्या बांधाले घ्या."

मी कितीही थट्टा करत असले, तरी त्या वेळी मला थट्टा सुचली नाही. त्या माणसाच्या हातातून ते कागद गेले असते तर नुसता चौकशीचा कंट्रोलर उरला असता, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात पोरगी बोलली. तोंडात घास होता.

"बाबा, मी काई भुलली नाई. यष्टी का सापडगावले जात असते का? मले का समजत नाई?"

"मंग कायले आलती व मरायले?"

"त्याईले इचाराले आली." तिनं मनोहररावांकडे बोट केलं. "चप्पल पाणी पेत नाई, बुंडी पेत नाई. चांदी पेते. तिथं तिले पाणी कोण पाजते, ते पुस्तकात लिहिलंच नाई."

"अन् ढेप?" मी विचारलं.

"दाखवाले आणली. नाईतं हे कुटार-भुसाच लिहून देतीन. चांदी कुटार खात नाई."

"मंग सकाळीच का नाई बोलली तू त्याईच्याशी?"

"गर्दी होती न आजी. ते म्हणले, बस. म्हणून बसली."

बाप ओट्यावर टेकला. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि रागाच्याच आवाजात मनोहररावांना म्हणाला, "मंग? पाजते कोण?"

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'हं' म्हटलं. मग ते पोरीसमोर खाली बसले आणि हळूहळू सांगू लागले. जिल्ह्यातल्या विहिरींमध्ये दोर तुटून जेवढ्या बादल्या पडल्या, त्या सगळ्या सापडगावातच जातात. आणि त्या बुडताना भरलेल्या असतात. म्हणून तिथं पाण्याची ददात नाही. संध्याकाळ झाली की बादल्या आपणहून गोठ्याशी येऊन उभ्या राहतात.

"आमचीही पडली एक," पोरीची आई म्हणाली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. "पितळेची."

"ती पांढऱ्या कालवडीपुढे उभी राहते," मनोहरराव म्हणाले.

"अन् रात्री बांधते कोठं तिले?" बापानं विचारलं.

शेवटची गाडी लागेपर्यंत ती माणसं विचारत होती आणि हे सांगत होते. जाताना पोरगी ढेपेचा तुकडा यांच्याजवळ ठेवून गेली. चांदी काही सापडली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. पण पुढच्या पुस्तकात ती आहे, बादलीही आहे, आणि ढेपच आहे. चित्रकारानं कालवड काळी काढली होती. पुस्तक तळेगावला पोचल्यावर त्या बाबतीत कुंदानं मनोहररावांना डेपोत येऊन, या वेळी बापाला सोबत घेऊन, जे सुनावलं ते मी इथं लिहवून घेत नाही.

त्या दिवसापासून मनोहररावांनी 'लेट आहे, बस' म्हणणं सोडलं. कोणी विचारलं की ते खिडकीबाहेर येत, आधी सोबत कोण आहे ते पाहत, मग सांगत, "ते गाडी पुस्तकातून सुटते बापा, डेपोतून नाई. तुले तिथं कोणाले भेटायचं हाय?" आणि लेकरं सांगत. कोणाची बकरी, कोणाची पाटी, कोणाचा गेलेला भाऊ. मनोहरराव ऐकून घेत. लोक म्हणतात, अशा पुस्तकांनी मुलं खोट्याला खरं समजू लागतात. मी तर पाहिलं ते असं, की लेकराला सगळं पक्कं माहीत असतं. त्याचं जे गेलं, त्याची तिथं आबाळ होत नाही ना, एवढंच त्याला विचारायचं असतं, आणि ते विचारायला मोठ्यांच्या जगात खिडकी नसते.

आता नोकरी संपली आहे. मंडळी त्यांना म्हणतात, काही भारदस्त लिहा, आत्मचरित्र लिहा. माझं त्यांना सांगणं आहे की ऐकू नका. तुमच्या आयुष्यात काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. जे झालं नाही ते तुम्हीच सांगू शकता. साखर वाढली आहे, तरी लपून गूळ खाता हे तुमच्या बायकोला मी सांगितलेलं आहे. गुडघ्याला तेल लावत जा. डोळ्यांचं ऑपरेशन टाळू नका.

मनोहररावांना देवानं शंभर वर्षं द्यावी, आणि ती चालती-फिरती द्यावी. मी त्यांच्याहून बरीच मोठी आहे, माझा नंबर आधी लागणार. त्यांनी माझ्यामागे खूप राहावं, ठणठणीत राहावं, आणि सवड मिळाली की मी जिथं जाईन तिथं चुलीला कोरडी लाकडं आहेत, एवढं लिहून टाकावं. बाकीचं माझं मी पाहून घेईन.