टेकडीवरचा शेजार

भीमेवर मोठं धरण होत होतं, तेव्हाची गोष्ट. पाण्याखाली जाण्याआधी खोरं पायी बघावं, अशी हौस मला आली. सोलापूरहून एस.टी.नं गेलो, पोट सांभाळत टेकडी चढलो आणि माथ्यावरच्या दगडांच्या रिंगणात एका धोंड्यावर बसून भाकरीचं फडकं सोडलं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची ती थडगी. पण भूक लागली की मला इतिहास सुचत नाही.

तेवढ्यात खालच्या गावातून एक म्हातारा वर आला. कपाळाला विभूती, खांद्यावर घडीव दगड. मला बघून थबकला.

"पाव्हणं, उठा की. कुणाच्या तरी उशाला बसलायसा."

मी भाकरीसकट उठलो.

दगड त्याच्या बायकोच्या समाधीचा होता. त्यांच्यात पुरतात, आणि नदीकाठची ती जागा आता धरणात जाणार होती.

"गाव उठून जाईल वं, तिनं कुटं जावं? म्हून वर आणली. हितं आदीची माणसं हायती, सोबत हुईल."

मी हात लावायला गेलो, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. दगड रोवला. बाज टाकल्यावर बघतात तसा हलवून बघितला. मग धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली नदीकाठच्या समाधीची मूठभर माती बुडाशी घातली.

मला वाटलं, आता रडेल. तो उठला, रिंगणातल्या जुन्या दगडांना हात जोडले आणि म्हणाला,

"हिला जरा कमी ऐकू येतंय. मोठ्यानं बोलत जावा."