भोपळा खाल्लेला इतिहासकार

अक्का आधी माझ्या हातातलं पेन काढून घ्यायच्या, त्याला टोपण लावायच्या आणि म्हणायच्या, “हे लिहू नका हं, सर.” आणि त्यानंतर जे सांगायच्या, नेमकं तेच लिहिण्यासारखं असायचं.

आमच्या मेथॉडिस्ट कॉलेजचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या विद्वत्तेमुळे आलं असं कुणी समजू नये. बंगळूरच्या गजबजाटात आमचं कला महाविद्यालय एवढंसं, की इतिहास शिकवणारा मी एकटाच. “तुमच्याशिवाय कुणाला जमणार?” असं प्राचार्य म्हणाले आणि मी विरघळलो. स्तुतीपुढे पुण्याचा माणूस फार वेळ तग धरत नाही.

अक्का बेळगावकडच्या ख्रिस्ती. जन्मभर इथं इंग्रजी शिकवलं, मुलींचं वसतिगृह सांभाळलं आणि निवृत्तीनंतर मागच्याच गल्लीत राहिल्या. कॉलेजचे हलाखीचे दिवस पाहिलेलं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. “माझ्यामागं हे सांगायला कोण हाय ओ?” असं त्याच म्हणायच्या. आणि पुढच्या वाक्याला पेनाला टोपण!

त्यांची माझी ओळख भोपळ्यामुळे झाली. आमच्या कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, सुगीचा सण असतो. लोक नारळ, केळी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मी नवा होतो. आपणही यांच्यातलेच, हे दाखवायला एका दांडग्या भोपळ्यावर बोली लावली. टाळ्या पडल्या. मी ऐटीत भोपळा काखेत मारला आणि रिक्षा करून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी अक्का स्टाफरूममध्ये हजर. “सर, भोपळा कुठाय?”

“खाल्ला की. घारगे झकास झाले.”

“खाल्लासा?” त्यांनी कपाळावर हात मारला. “अय्यो!”

मग मला रीत कळली. बोली जिंकणाऱ्यानं पैसे भरायचे आणि “परत मांडा” म्हणून वस्तू परत द्यायची. मग तिचा पुन्हा लिलाव, पुन्हा परत. एकच भोपळा दुपारपर्यंत फिरायचा आणि त्यावर वसतिगृहाची चूल चालायची. मी पहिल्याच बोलीला मुलींचं जेवण घरी नेऊन, वर गूळ घालून तळून खाल्लं होतं.

तेव्हापासून दर सणाला दाराजवळच्या वेताच्या खुर्चीतून अक्का ओरडायच्या, “सर, घरी नेऊ नका हं!” सगळं चॅपेल खो खो हसायचं. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

परदेशातली मदत थांबली आणि कॉलेज बंद पडायची वेळ आली, ते वर्ष त्यांनी मला किती रंगवून सांगितलं! “एक कोंबडी इतक्या वेळा विकली, सर, की शेवटी वैतागून तिनं वेदीपुढंच अंडं घातलं. मग अंड्याचाबी लिलाव. हे लिहू नका.” आचारी सोडून गेला तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी स्वतः सांबार केलं आणि मुलींनी त्या दिवशी आपणहून उपास धरला. “हेबी नको. त्यांची लेक अजून चर्चला येते.”

मी आज्ञाधारक. एक अक्षर लिहिलं नाही. प्राचार्यांच्या नेमणुका, पायाभरण्या, पाहुण्यांची भाषणं असा भारदस्त मजकूर तयार केला. अक्कांना तेव्हा दिसेनासं झालं होतं, म्हणून त्यांच्या घरी जाऊन, वर्गात काढतो तसा आवाज काढून वाचून दाखवला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “पायाभरणी लई झाली ओ. ह्यात आमच्या पोरी कुठं हायत?”

“तुम्हीच म्हणालात, लिहू नका.”

“आमच्यात ‘चहा नको’ म्हटलं की आधण ठेवत्यात, सर! एवढं कळंना तुम्हाला?”

आमच्या पुण्यात ‘नको’ म्हटलं की नकोच.

त्यांनी चाचपडत पेन शोधलं, टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि पेन मला दिलं. “आता लिहा. सगळं. तुमचा भोपळाबी.”

“माझा कशाला?”

“त्याबिगर बाकीचं कुणाला खरं वाटायचं नाही.”

त्या दुपारी कोंबडी लिहून झाली, सांबार लिहून झालं. दमल्या. म्हणाल्या, “पहिल्या पोरी कशा आल्या, ते उद्या सांगते. ते लई मोठं हाय.”

पहाटेच गेल्या. ती गोष्ट आता कुणालाच ठाऊक नाही, आणि हे आठवलं की मला अजून भडभडून येतं.

यंदाच्या सणाला भोपळ्यावर मीच बोली लावली. भोपळा हातात घेतला आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वेताची खुर्ची तिथंच होती. कुणी हसलं नाही.

“परत मांडा,” मी म्हणालो.

“कुणाच्या नावानं, सर?” लिलाव करणाऱ्यानं विचारलं.

“अक्कांच्या.”

पुढची बोली लागली, मग त्यापुढची. जेवणं खोळंबली, उन्हं उतरली, तरी तो भोपळा घरी न्यायला कुणी तयार होईना.