इंजिन गरम झाल्यावरचा आवाज

इंजिन थंड असताना तो आवाज येत नसे. सकाळी मुलीनं गाडी सुरू केली की ती नेहमीसारखी गुरगुरायची, आणि मी ओसरीवर चहाचा कप धरून मनाशी म्हणायचो, गेला बहुतेक. मग ती तापायची. बसस्टँडपर्यंत जाऊन परत येईतो बॉनेटखाली खोल कुठेतरी टकटक सुरू व्हायची, आतून कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तशी. ॲक्सिलरेटर दाबला की जोरात, सोडला की हळू.

गाडी माझ्या मुलीची. ती नागपूरला नोकरी करते. वणीच्या एका कोळसा ठेकेदाराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ही जुनी स्पोर्ट्स कार तिनं स्वतःच्या कमाईतून घेतली. लाल, दोन दारं, दोनच सीट, आणि इतकी बुटकी की उतरताना माझ्यासारख्याला दाराचा आधार घ्यावा लागतो. घरातले सगळे बसतील अशी गाडी घ्यायला हवी होती, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ती म्हणाली, "सगळे बसतीन अशी तुमच्यापाशी हाय ना बाबा. ट्रॅक्टर."

मग दर सुट्टीत दिग्रसला येऊन, हात काळे करून, तिनं ती गाडी रस्त्यावर आणली. आता दिवाळीची सुट्टी संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला त्याच गाडीत बसवून नागपूरला जाणार होती. माझ्या बायकोनं मुलीचं तिथलं घर अजून पाहिलं नव्हतं. तिची पिशवी दारापाशी भरून ठेवलेली होती, वर चिवड्याचा डबा.

आवाजाचं कारण काय ते मला माहीत नव्हतं. पण तो कधी आणि कुठे सुरू झाला, हे माहीत होतं. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. शेतात दगड मांडून कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच बायका वेचायला लागतात. दरवर्षी दहीभात माझी बायको नेते. यंदा तिचा गुडघा दुखत होता, म्हणून मी नेतो म्हणालो. मुलगी त्या दिवशी मैत्रिणीकडे बोरी अरबला गेली होती आणि गाडीची चावी खिळ्याला होती. ती चावी घ्यायला मला मनाई नव्हती. एकच अट होती. "गावात फिरवा, डांबरी रोडनं कुठंई जा. पांदणीत नका नेऊ. तिचं पोट खाली हाय."

अंगणात मोटारसायकल उभी होती. तिच्यावर दह्याचं गाडगं हिंदकळेल, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट एवढीच की वेचणीला आलेल्या बायकांसमोर मला त्या लाल गाडीतून उतरायचं होतं. गाडगं शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला सीटबेल्ट लावला आणि निघालो.

आमच्या पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत आणि मधे उंच वरंबा आहे. वर्षानुवर्षं त्याच वाटेनं जातो, म्हणून मी बिनधास्त होतो. पण पायाखालची वाट आणि त्या गाडीखालची वाट वेगळी. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे वरंब्यातल्या दगडावर गाडी बसली. ठक्क! माझ्या बुडाखालून दणका गेला.

बायका धावत आल्या. एकीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हे गाडी हाय का चप्पल?" सगळ्या हसल्या. दुसरीनं विचारलं, "लागलं का हो कुठं?"

"नाही," मी म्हणालो. तिथून सुरुवात झाली.

गाडी मागे घेऊन काढली. नैवेद्य झाला, बायका वेचायला लागल्या, तेव्हा मी खाली आडवा होऊन पाहिलं. तेल गळत नव्हतं. इंजिनाखाली संरक्षणाला जो पत्रा असतो, तो मात्र वर दाबला गेला होता. धुऱ्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पडली होती. ती अडकवून मी पत्रा ओढून खाली आणला, जमेल तेवढा सरळ केला, आणि ओरखड्यांवर ओल्या मातीचा हात फिरवला. हे सगळं मी अगदी सफाईनं केलं, हे आज लिहिताना आठवतं आणि वाईट वाटतं.

तर, निघायच्या आदल्या दुपारी आम्ही गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री माझ्या शाळेतला. तो इंजिन सुरू ठेवून लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो.

"टॅपेट हाय," तो म्हणाला.

"टॅपेट मी दिवाळीच्या आंधी सेट केले, काका," मुलगी म्हणाली.

"मंग पट्ट्याचं बेअरिंग."

पट्टा काढला. टकटक तशीच. सायलेन्सरचे नट आवळले, तरी तशीच. मग मुलगी स्वतः पुढे झाली. हातमोजे घालून तिनं चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढायला आणि परत लावायला सुरुवात केली. पहिली काढली, काही फरक नाही. दुसरी, नाही. तिसरी काढली तशी टकटक एकदम दबली.

तिनं वायर परत लावली. टक टक टक.

"इथं हाय," ती म्हणाली. "या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग. खालचं." तिनं डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. "पण तेल तं बराबर हाय. तेल असून बेअरिंग काहून वाजंल?" ती माझ्याकडे वळली. "बाबा, गाडी कुठं लागली-गिगली तं नाही ना?"

मिस्त्रीही माझ्याकडे पाहत होता. मी डिपस्टिककडे पाहिलं.

"नाही वं," मी म्हणालो. "कुठं लागंल?"

तिनं लगेच विश्वास ठेवला. तेच मला सहन होईना.

मिस्त्रीनं हात पुसले. "जुनी झाली बाई ते. घरघरते थोडी. तिच्यात ट्रॅक्टरचं जाड तेल टाकून देतो, आवाज दबते. चुपचाप नागपूर गाठंल."

"आवाज दबंल काका, पण बिमारी?"

"थे मंग पाहू सावकाश."

ती विचार करत उभी राहिली. जाड तेलानं आवाज नुसता झाकला जाईल, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. इतकी वर्षं ट्रॅक्टर वापरतो, मला कसं कळणार नाही? ती बोलायच्या आत मीच बोललो.

"टाक," मी मिस्त्रीला म्हणालो, आणि मुलीकडे वळलो. "तुह्या आईनं पिशवी भरून ठेवली हाय."

पत्र्याला खाली तेल सोडायचं भोक होतं, त्यामुळे पत्रा खोलावा लागला नाही. तेल बदललं, इंजिन सुरू केलं, तापू दिलं. आवाज नव्हता.

"चाला, एक चक्कर मारून येऊ," मुलगी म्हणाली. मी शेजारी बसलो, जिथे गाडगं ठेवलं होतं तिथे. उद्या त्याच सीटवर तिची आई बसणार होती.

दारव्हा रोडला लागल्यावर तिनं गाडी पळवली. कापसाच्या पऱ्हाट्या मागे जात होत्या. मी कान देऊन बसलो होतो, आणि खरंच काही ऐकू येत नव्हतं. तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "बाबा, गेला!"

मी हसलो. त्याच वेळी मनात हिशेब चालू होता की आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. वळण आलं. गाडी वळली तसा समोरचा लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या चित्राचा दिवा, इंजिनात तेल चढत नसलं की लागतो तो. सरळ रस्त्यावर विझला.

"थे वायर ढिली हाय," ती म्हणाली. "काका म्हणत होते."

पुढच्या वळणावर तो पुन्हा लागला, आणि या वेळी पटकन विझला नाही. समोरून उसाचा ट्रक येत होता. ती गिअर बदलून वेग वाढवत होती. मला एकदम दिसलं, आज नाही, उद्याचं, यवतमाळच्या पुढे कुठेतरी, इंजिन जागीच जाम झालेलं, मागून असाच ट्रक, आणि या सीटवर चिवड्याचा डबा मांडीवर घेतलेली बाई.

"थांबव," मी म्हणालो.

"काय झालं?"

"बाजूले घे. इंजिन बंद कर. पह्यले बंद कर!"

तिनं गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. ट्रक निघून गेला, गाडी हलली. मग शांत झालं.

"मी सीतादहीले पांदणीत नेली होती," मी म्हणालो. "दगड लागला. खालचा पत्रा मीच सरळ केला सबलीनं."

ती उतरली, कडेच्या गवतावर आडवी झाली, मोबाईलच्या उजेडात खाली पाहिलं. बोटानं वाळलेली माती खरवडली असावी, कारण खाली माती पडल्याचा बारीक आवाज मला आत ऐकू आला. उठली तेव्हा तिच्या केसांत कुसळं होती.

"दगड लागला तं लागला, बाबा. मी दोनदा आदळली तिले. पण मी तुमाले विचारलं ना? काकासमोर?"

"हो."

"अन् मंग तुमीच म्हणले, टाक."

"हो."

"आई बसणार होती," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिली.

मिस्त्रीनं ट्रॅक्टर आणून दोरानं गाडी ओढत नेली. पत्रा खोलला, तेलाचं चेंबर उतरवलं. चेंबरचा तळ आत दबून तेल ओढणाऱ्या जाळीला जवळजवळ टेकला होता. तेल होतं, पण वर चढत नव्हतं. तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगला ओरखडे पडले होते. मिस्त्री ते हातात घेऊन मला म्हणाला, "काय बे, मी दिवसभर तिचं डोकं तपासून राह्यलो, अन् तू तिच्या पोटात लाथ मारून गुमान उभा!"

सकाळी मायलेकी एसटीनं गेल्या. बायकोला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. तिनं चिवड्याचा डबा पिशवीत घालताना एवढंच विचारलं, "अन् दह्याचं गाडगं नाही फुटलं?" मुलगी खिडकीतून हात हलवताना माझ्याकडे पाहत होती की स्टँडकडे, कळलं नाही.

चेंबर आणि बेअरिंग नवीन बसल्यावर मिस्त्रीनं गाडी सुरू केली. मी मुलीला फोन लावला. आवाज ऐकव असं ती म्हणेल असं वाटलं, म्हणून फोन बॉनेटजवळ धरला.

"फोनवर मले काय समजंल," ती म्हणाली. "तुमी ऐका. तापू द्या चांगली. मंग काय काय ऐकू येते थे सांगा मले. सगळं."

मी फोन कानाला लावून बॉनेटवर वाकलो. गाडी तापेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. मग मी सांगायला लागलो. पट्ट्याची शीळ येते, बारीक. पंखा सुरू झाला. डाव्या बाजूला काहीतरी थरथरते, पत्रा असंल. टकटक नाही. थांब, पुन्हा ऐकतो. नाही.