कोंड्यात ठेवलेली बशी

गडचांदूरच्या कॉलेजात अयूबभाऊ सत्तावीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्राध्यापक आले नि गेले. कोणती बाटली कुठे आणि कोणता नळ गळतो हे फक्त भाऊंना ठाऊक. सावली गावच्या धानवाल्या घरातली माधवी पीएचडीला आली, तेव्हा तिचे खरे गाईड भाऊच होते, असं म्हटलं तर गाईडसाहेबांना राग येईल. येऊ द्या.

माधवीनं एक रेणू बेतला होता. आयोडीनचा अणू इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला. तो नायट्रोजनला जवळ येऊ देईल असं वाटत नाही. पण फ्लोरिन लावलेल्या कार्बनच्या कड्यावर त्याला बसवलं, की त्याच्या बाहेरच्या टोकाशी इलेक्ट्रॉन विरळ होतात आणि शेजारच्या रेणूतला नायट्रोजन नेमका तिथंच येऊन धरतो. हाच हॅलोजन बंध. "धरलं, हे दाखवाले स्फटिक पाह्यजे, भाऊ," ती म्हणायची. स्फटिक मिळाला, की नागपूरला क्ष-किरणांखाली मोजमाप, मग प्रबंध. मुदत दोन महिन्यांवर आली होती आणि पदार्थ एका बशीपुरताच उरला होता.

जवळच्या खाणीतल्या सुरुंगांनी टेबल हादरायचं आणि बशीत नुसता चुरा जमायचा. हादरे जिरावेत म्हणून भाऊंनी परातीत धानाचा कोंडा भरला, त्यात बशी बसवली. चाळीस दिवसांनी तांदळाच्या कणीएवढा स्फटिक दिसला. माधवी नागपूरला नंबर लावायला निघाली. "केसभरही हालवू नोका," ती जाताना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती येणार होती. त्या सकाळी प्राचार्य फिरत आले आणि परात पाहून त्यांचं डोकं सणकलं.

"ही लॅब आहे की गोठा? दहा मिनिटांत टेबल स्वच्छ पाहिजे."

"माधवीताईचं काम आहे साहेब. हालवता येत नाई."

"हलवता येत नाही, तर धुऊन टाका."

परात उचलून कपाटात ठेवता आली असती. पण हलवायचं नाही हे भाऊंच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की कपाट सुचलंच नाही. प्राचार्य दारात उभे. भाऊंनी बशीत अ‍ॅसिटोन ओतलं आणि कणी डोळ्यांदेखत विरघळून सिंकमध्ये गेली. समितीनं प्रयोगशाळेत चार मिनिटं काढली, तीही पंख्याखाली.

संध्याकाळी माधवीचा फोन आला. "भाऊ, मंगळवारचा नंबर भेटला! आहे ना बरोबर?"

"आहे," भाऊ म्हणाले. इतकं भेकड खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते.

सोमवारी ती आली. भाऊंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती रिकाम्या टेबलापाशी गेली.

"प्राचार्यांले नाई समजलं. समितीलेही नाई समजलं असतं," ती म्हणाली. "पण अख्ख्या कॉलेजात तुमाले तं मालूम होतं ना भाऊ, त्या बशीत काय आहे ते?"

"होतं," अयूबभाऊ म्हणाले.