सत्यनारायणासाठी सोडलेलं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. त्यात नोकरी काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये, आणि मुलुंडची आमची स्वतःची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. आई गेल्यापासून बाबा आणि मी दोघंच. पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. बाबांचा एकच ध्यास होता, यंदाचा गणपती स्वतःच्या घरात बसवायचा. बिल्डरनंही तोवर चावी देतो म्हणून कबूल केलं होतं.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. होळीनंतर शेवटचा स्लॅब ओतला गेला, म्हणजे आमच्याच डोक्यावरचं छप्पर. काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटच्या जागी फ्लाय अ‍ॅश होती, वीजकेंद्रातल्या कोळशाची राख. राख वाईट नाही हो! फक्त तिचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, आणि तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. म्हणून स्लॅबवर झाडाभोवती करतात तशी आळी करून पाणी साठवलेलं होतं.

मी कामासाठी बाहेरगावी गेले. परत येऊन गच्चीवर चढते तर पाणी गायब! सगळीकडे सतरंज्या, कोपऱ्यात सुकलेले केळीचे खुंट, आणि मध्ये स्लॅब पांढराफटक पडलेला.

"सोसायटीची पूजा होती ना मॅडम," साइटवरचा इंजिनियर म्हणाला. "लोक बसणार कुठं? टेन्शन नका घेऊ, क्यूब झकास येतील."

क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचे तपासायला भरलेले ठोकळे. माझं डोकंच फिरलं. "अरे, क्यूब टाकीत डुंबतायत आणि स्लॅब उन्हात भाजतोय! मी काय क्यूबमध्ये राहायला जाणार आहे?"

पाणी सोडायला कोणी सांगितलं, ते घरी कळलं.

"मीच सांगलंय," बाबा म्हणाले. "देवाक काय पाण्यात बसवतलंय?"

झालं! आता भांडणार तरी कोणाशी? मी सतरंज्या उचलायला लावून पुन्हा पाणी भरून घेतलं, पण जीव काही थाऱ्यावर येईना. क्यूब पास झाले. मी तरीही स्लॅबमधूनच कोअर काढा म्हणून हट्ट धरला. कोअर म्हणजे मशिननं भोक पाडून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्यावर उखडले. "पास झालं ना गं? कशाला उगाच खुसपट काढतेस?"

 बाबा घरी आल्यावर फुटले. "आपल्याच घराक भोक पाडतंस? माझो गणपती चुकवतलंस तू."

भोक पाडलं. कोअर लॅबच्या मशिनमध्ये दाबला, तर हवा तेवढा भार येण्याआधीच तुटला. बिल्डिंगचे सल्लागार इंजिनियर म्हणाले, राखेला वेळ द्या, पाणी चालू ठेवा, मग परत तपासू. तोवर वरचं काम बंद, चावी लांबणीवर. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले, पण दुपारी न चुकता गच्चीवर जायचे आणि गावच्या पोफळींना शिंपावं तसं स्लॅबला पाणी मारायचे. मग घरी येऊन जेवायचे. मला एकच धास्ती. पुढचा कोअर पुन्हा कमी भरला तर? छप्पर फोडायचं हे ह्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसरा कोअर पास झाला. लॅबमध्ये सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं. पण गणपती तोंडावर आलेला, घरात लादीसुद्धा नव्हती. दाबायच्या आधी कोअरची टोकं कापून सपाट करतात. त्यातली एक चकती मी बाबांना दाखवायला घरी आणली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली आणि कपाटात ठेवली.

चतुर्थीला भाड्याच्या घरात चौरंग मांडला. बाबांनी ती चकती मधोमध ठेवली, वर लाल कापड पसरलं आणि मूर्ती अलगद तिच्यावर टेकवली. मग कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलले.

"गणपती आपल्या घराच्या स्लॅबार बसलो हा. मगे आपल्याच घरात मा, गो?"

"हो, बाबा," मी म्हटलं.