थर्माकोलचं धरण

पंक्चरच्या दुकानातून सोल्युशनचा वास आला की मला गोंदियातलं ते शालेय विज्ञान प्रदर्शन आठवतं आणि आजही डोकं तापतं. आमच्या वर्गातली चिचगडकडची एक मुलगी थर्माकोलचं धरण घेऊन आली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिने नखाएवढे दरवाजे केले होते, पण बसच्या धक्क्यांनी ते निघाले होते. पहिली आली असती तर ती नागपूरच्या विभागीय प्रदर्शनाला जाणार होती. "सर, पत्रा कायनं चिपकवू?" तिने विज्ञानाच्या सरांना विचारलं. सरांनी खिशातून सोल्युशनची ट्यूब काढून तिच्या हातात दिली. "हे लाव. ट्रकची ट्यूब धरते, तुझा पत्रा नाही धरणार काय?" याच सरांनी सकाळी माझ्यासमोर, त्याच प्रदर्शनात उतरलेल्या आपल्या भाच्याला दटावलं होतं, "सोल्युशन थर्माकोलले खाते, पांढरा गोंदच लाव." मी "थांब, लावू नको" म्हणेपर्यंत तिने ट्यूब पिळलीही होती. भिंत विरघळून खचली आणि दरवाजे त्या चिकट खड्ड्यात बुडाले. परीक्षक आले तेव्हा सर हसत म्हणाले, "हे आमचं फुटलेलं धरण, साहेब." सगळे हसले. मग तिच्याकडे वळून, "काऊन रडून राहिली वं?" "माह्याच हातून जास्त पडलं, सर," ती म्हणाली. सरांनी मान डोलावली. भाचा नागपूरला गेला. आता गावोगाव लोकांच्या हक्कांची पत्रकं वाटताना फसवला गेलेला कोणी "आमचंच चुकलं असन" म्हणालं, की मी तिथेच खाली बसतो आणि त्याला या सरांबद्दल सांगतो.